घरच्यांसाठी विणायचंय खरं, पण ते धुणार कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खानापूरच्या पुढे जांबोटीच्या बाजूला राहता. शाळेत सुलट-उलट शिकला होता, पण गेल्या तीस वर्षांत सुयांना हात लावलेला नाही. मुलगी पहिल्या बाळंतपणाला कार्तिकात माहेरी येणार आहे. धाकटे दीर सैन्यात, यंदा लडाखला. सासूबाई ७८ वर्षांच्या, पहाटे पाय गार पडतात म्हणून तक्रार. आणि यजमान रोज दुचाकीवरून बेळगावला कामाला येतात. चौघांनाही संक्रांतीपर्यंत हाताने विणलेलं काहीतरी द्यायचंय; काय विणू, कुठली लोकर घेऊ, किती घेऊ?

मी चाळीसेक वर्षं विणतेय. त्यातली पंचवीस शहापुरात घरीच बायका-मुलींना शिकवण्यात गेली. नव्याने विणायला बसणारी बाई पहिला प्रश्न विचारते तो डिझाइनचा. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो, हे धुणार कोण आणि कसं? त्याचं उत्तर मिळालं की लोकर ठरते, लोकर ठरली की सुया ठरतात, आणि डिझाइन सगळ्यात शेवटी.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी भावाला शुद्ध लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला होता. दोन महिने खपले. वहिनीने मायेनेच तो कढत पाण्यात, साबण लावून भिजवला, धुण्याच्या दगडावर चांगला घासला आणि पिळून दोरीवर टाकला. वाळला तेव्हा पुठ्ठ्यासारखा झाला होता, आणि सहा वर्षांच्या भाच्याला नीट बसत होता. वहिनीचा काय दोष? घरातले बाकीचे कपडे ती तसेच धुवायची. लोकर वेगळी असते हे मी सांगितलंच नव्हतं.

लोकर म्हणजे शेवटी मेंढीचा केस. त्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं तिन्ही एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट बसतं. काश्मीरचे नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेले गालिचे, मुद्दाम याच गुणावर बनवतात. पण एकदा आटलं की परत सैल होत नाही, कितीही ओढा. ॲक्रिलिकला, म्हणजे लोकरीसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याला, खवले नाहीत, त्यामुळे ते दगडावरही टिकतं. त्याचं वैर इस्त्रीशी. गरम इस्त्री फिरली की ॲक्रिलिकचा जीवच जातो. ते पसरतं, चकाकतं, लोंबतं, आणि मग त्याच्या बॉर्डरला ताण म्हणून राहत नाही.

आता बाजारातली गोष्ट. आपण मराठीत सगळ्यालाच लोकर म्हणतो, कन्नडमध्ये उण्णे म्हणतात तेही तसंच सरसकट. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात जाऊन नुसतं ‘लोकर द्या’ म्हटलंत तर दहात नऊ वेळा हातात ॲक्रिलिक पडेल. त्यात फसवणूक कुणाचीच नाही, खपतंच ते. लुधियानाहून येणाऱ्या वर्धमान, ओसवालच्या गोळ्यांवर कागदी पट्टी असते, तिच्यावर काय किती टक्के आहे ते वाचा. पट्टी नसलेली सुटी लडी असेल तर घरी येऊन बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्वाळेतून बाहेर काढली की सहसा विझते आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी राहतो. हा मणी नीट लक्षात ठेवा, सासूबाईंच्या वेळी पुन्हा लागणार आहे.

पट्टीवर आणखी दोन आकडे असतात, शेड नंबर आणि लॉट नंबर. शेड म्हणजे रंग, लॉट म्हणजे त्या रंगाची एका वेळी रंगवलेली घाणी. एकाच शेडच्या दोन लॉटमध्ये इतका बारीक फरक असतो की दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, अंगणात उन्हात आणलं की डोळ्यात खुपतो. एकदा मला एका दुकानदाराने ‘तोच रंग आहे ओ ताई, डोळे झाकून घ्या’ म्हणून शेवटचे दोन गोळे दिले, आणि मी खरोखरच डोळे झाकून घेतले. मागचा भाग खांद्याखाली चक्क दुरंगी झाला. तेव्हापासून एक गोळा जास्तच घेते. न उघडलेला गोळा परत घेणारं दुकान असेल तर उत्तम, नसलं तरी उरलेल्याची टोपी होते.

घोंगडीची लोकर आणून स्वेटर विणता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. विणता येईल, घालवणार नाही. आपल्याकडच्या धनगर-कुरुबरांच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. घोंगडीला, कन्नडमधल्या कंबळीला, ती हवीच तशी. चिंचोक्याची खळ चढली की पावसाचं पाणी अंगावरून ओघळून जातं आणि वर्षानुवर्षं टिकते. पण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू माणसाच्या कातडीला टोचतो, आणि मऊ म्हणून विकली जाणारी मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर साधारण २४ मायक्रॉनच्या आतली असते. घोंगडी आपण अंगावर घेतो, अंगात घालत नाही, हे आपल्या आज्यांना बरोबर ठाऊक होतं.

सुयांचा एक गोंधळ आधीच मिटवते. आपल्या बाजारातल्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे असतात. नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची. मोबाइलवर व्हिडिओ बघून विणणाऱ्या माझ्या निम्म्या विद्यार्थिनी इथेच घसरल्या. नंबर विसरा, मिलिमीटर धरा. सध्या तुम्हाला ८ नंबरची एक जोडी, १० नंबरची एक जोडी आणि मोज्यांसाठी ३ मिलिमीटरच्या, म्हणजे ११ नंबरच्या, दोन्हीकडे टोकं असलेल्या पाच सुयांचा संच एवढंच पुरे.

नमुन्याचा तुकडा विणायला सांगितलं की सगळ्या तोंड वाकडं करतात. म्हणून त्याचा हिशेबच मांडते. मध्यम जाडीची लोकर ८ नंबरच्या सुईवर बहुतेकींच्या हाताने इंचाला साडेपाच टाके बसते. यजमानांचा स्वेटर तयार घेर ४० इंचांचा हवा असेल, तर ४० गुणिले साडेपाच, २२० टाके. पुढे ११०, मागे ११०. आता तुमचा हात सैल असेल आणि इंचाला पाचच टाके बसत असतील, तर तेवढ्याच २२० टाक्यांचा घेर होतो ४४ इंच. अर्ध्या टाक्याने चार इंच गेले! ३० टाके घालून पाच-सहा इंच विणा, धुवा, वाळवा, मग मधल्या चार इंचांत किती टाके येतात ते मोजा आणि चाराने भागा. न धुता मोजलात तर मोजणं फुकट. कडेचे टाके धरू नका, ते नेहमी खोटं बोलतात.

मापं माणसाच्या अंगावरून घेऊच नका. घ्यायला गेलं की माणूस श्वास रोखून ताठ उभा राहतो, आणि भेट द्यायची तर गुपितही फुटतं. कपाटातला त्यांचा आवडता, नीट बसणारा कपडा काढा, पलंगावर पसरा आणि तो मोजा. छाती, उंची, खांदा, मुंढ्याची खोली.

आता माणसं एकेक करून घेऊ. पण क्रम तुम्ही लिहिलाय तो नको. पहिली वस्तू यजमानांची गळपट्टी, कारण ती चुकली तरी रागावणार नाहीत, आणि तीस वर्षांनी हात बसायला ती बरी. दुचाकीवर मफलर देऊ नका. सुटलेलं टोक चाकात किंवा साखळीत गेलं तर गळ्याशी येतं, आणि हे मी शब्दशः म्हणतेय. त्यापेक्षा गळ्यात घालायची नळी विणा. ८ नंबरच्या सुईवर ११२ टाके घाला, दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डरची वीण १० इंच विणा, टाके सैल हाताने बंद करा आणि दोन्ही कडा टाक्याला टाका जोडून शिवा. झाली. टाके घट्ट बंद केले तर डोक्यातून जाणार नाही. तुमचा हात घट्ट असेल तर शेवटच्या ओळीला ६ नंबरची सुई वापरा. ८० ते १०० ग्रॅममध्ये भागतं, आणि ॲक्रिलिक चालेल, कारण हनुवटीला रोज घासून ती दर आठवड्याला धुवावी लागणार.

स्वेटरही त्यांना द्यायचाच असेल तर तो बिनबाह्यांचा द्या. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट १३-१४ अंशांवर येते, पण दुपारी अकराला ऊन असं तापतं की पूर्ण बाह्यांचा स्वेटर काढून डिकीत कोंबावा लागतो. शिवाय विणलेल्या कापडाला भोकंच भोकं. वारा आरपार जातो. खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, तुमच्या गावाहून आणखी जास्त. त्या वाऱ्यात नुसता स्वेटर काही कामाचा नाही, वर विंडचीटर हवंच. विंडचीटर वारा अडवतं, स्वेटर आतली ऊब धरून ठेवतो, दोघांनी मिळून काम होतं. म्हणून स्वेटर पातळ, अंगासरशी आणि गळ्याशी थोडा उंच विणा. लोकर आणि ॲक्रिलिकचं मिश्रण घ्या, ३०० ते ३५० ग्रॅम.

वेळेचा अंदाज आत्ताच घ्या, नाहीतर संक्रांतीला अर्धाच स्वेटर हातात राहील. या मापाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरात ३५,००० च्या घरात टाके असतात. बरा हात मिनिटाला २५ टाके विणतो. म्हणजे २३-२४ तास नुसतं विणणं, शिवण आणि गळ्या-मुंढ्यांच्या पट्ट्या वेगळ्या. रोज एक तास मिळाला तर महिना धरा. आणि तुम्हाला रोजचा तास कधी मिळणार? आत्ता श्रावणात लावणी आटोपलीय, बाहेर पाऊस आहे, आत बसणं आहे. दसरा झाला की भाताची सुगी लागते आणि मग हातात सुईऐवजी विळा. त्यात बाळंतीण घरात. म्हणजे जे काय व्हायचं ते दसऱ्याच्या आत झालं पाहिजे, संक्रांत विसरा. काळा रंगही विसरा. संक्रांतीला काळं खरं, बाळाच्या बोरन्हाणालाही काळं झबलं लागतं, पण पावसात वीज गेल्यावर बॅटरीच्या उजेडात काळ्या लोकरीवर सुटलेला टाका शोधणं म्हणजे शिक्षा आहे. झबलं कापडाचं शिवून घ्या.

दिरांचं बघू. सैन्यातल्या माणसाला विणून पाठवणं ही आपल्याकडे जुनी रीत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, गल्लीत एखादं तरी घर फौजीचं असतं. १९६२ साली चीनच्या युद्धाच्या वेळी देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. आमची आई तेव्हा मला मांडीवर घेऊन विणायची म्हणे. मला आठवण नाही, पण तिच्या उरलेल्या हिरवट लोकरीचं टोपडं मी घातलंय. आता जवानांना उंचावरच्या थंडीचे कपडे सरकारी मिळतात आणि वर्दीवर घरचं काही घालता येत नाही. तेव्हा स्वेटरचा घाट घालू नका. बराकीत झोपताना घालायला माकडटोपी आणि मोजे द्या. इथे मात्र ॲक्रिलिक अजिबात नको. खरी लोकर तिच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेते तरी ओली लागत नाही. ॲक्रिलिक घाम शोषत नाही, मोज्यात पाय ओला राहतो, आणि लडाखच्या थंडीत ओला पाय म्हणजे काय ते दिरांना विचारा. मोज्याची लोकर नायलॉन मिसळलेली मिळते, साधारण पाऊण लोकर आणि पाव नायलॉन. तीच घ्या, शुद्ध लोकर टाचेला महिन्याभरात विरते. टोपीला गोंडा नको, आत जाड शिवण नको. रंग राखी किंवा गडद हिरवा. आणि हे धुणार कोण? दीर स्वतः, बादलीत. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी घाला, ‘कोमट पाणी, थोडा शांपू, घासू नका, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, आडवं वाळवा’.

जाता जाता, या माकडटोपीला इंग्रजीत बालाक्लाव्हा म्हणतात, ते क्रिमियातल्या गावाचं नाव. १८५४ मध्ये तिथे इंग्रज फौज थंडीत कुडकुडली होती. आपल्याकडे तीच टोपी आजोबांच्या पहाटफेरीची खूण झाली.

सासूबाईंकडे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण त्यांना तुम्ही शाल विणू म्हणताय आणि मला ती पटत नाही. तुमच्याकडे आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं असं तुम्हीच लिहिलंय, आणि पहाटे चुलीपुढे बसण्याचा मान त्यांचाच असणार. झालर लोंबणारी ॲक्रिलिकची शाल आणि विस्तव! तो काळा मणी आठवा. ॲक्रिलिक पेटतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. चुलीजवळ वावरणाऱ्या माणसाला अंगासरशी, लोंबत न राहणारं, सुती किंवा खऱ्या लोकरीचंच द्यायचं. शिवाय त्यांची तक्रार पायांची आहे, तर पायांचंच बघा की. मोजे द्या, पण अंगठ्याचे.

घरातल्या म्हाताऱ्या बायका साधे मोजे का घालत नाहीत? चप्पल घालता येत नाही म्हणून. अथणी-निपाणीकडची कोल्हापुरी असो नाहीतर रबराची स्लिपर, अंगठा वेगळा लागतो. मग मोजे काढून अनवाणी फिरतात, नाहीतर नुसत्या मोज्यांनी गुळगुळीत फरशीवर चालतात आणि पडतात. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. अंगठा वेगळा असलेला मोजा आणि त्यावर चप्पल, हा त्यावरचा माझा तोडगा. पंधरा-वीस वर्षं देतेय, एकही जोड कपाटात पडून राहिलेला नाही.

विणायचा असा. तीन-चार पदरी लोकर, ११ नंबरच्या पाच सुया, इंचाला सात टाके. मध्यम पावलाला ५६ टाके, चार सुयांवर चौदा-चौदा. वरची बॉर्डर दोन सुलट दोन उलट, पण चार बोटांपेक्षा जास्त उंच नको आणि इलॅस्टिक तर मुळीच नको. म्हाताऱ्या पायाला सूज असते, संध्याकाळी घोट्यावर वळ उमटला की मोजा गेला अडगळीत. टाच तुम्हाला येते तशी करा, अर्ध्या २८ टाक्यांवर. जुनी पट्टीची टाच उत्तम, ती घासटीला टिकते. मग सरळ गोल विणत जायचं. कुठपर्यंत? जुन्या वहीचा कागद जमिनीवर ठेवून त्यावर पाऊल उभं करा, पेन्सिल फिरवा, आणि अंगठा नि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेत खूण करा. टाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा, तिथे थांबा.

आता अंगठ्याच्या बाजूचे १६ टाके, म्हणजे ८ वरचे आणि ८ तळव्याचे, जाड दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवा. उरतात ४०. खाचेच्या जागी नवे ४ टाके घाला, ४४ झाले. हे चार बोटांचं घर. करंगळीपर्यंत सरळ विणा, मग दोन्ही कडांना टाके कमी करत गोलाई आणा आणि टोक बंद करा. मग दोऱ्यावरचे १६ परत सुईवर घ्या, खाचेच्या त्या ४ टाक्यांच्या बुडातून ४ उचला, २० झाले. अंगठ्याच्या टोकापर्यंत सरळ विणा, शेवटच्या दोन ओळींत दोन-दोन टाके एकत्र करा, उरलेल्यांतून धागा ओवून ओढा. खाचेच्या दोन कोपऱ्यांत बारीक भोक राहतं. ते सगळ्यांचंच राहतं. शेपटीच्या धाग्याने आतून एक टाका घाला, बुजतं.

एकच सांभाळा. डावा आणि उजवा आरसा धरल्यासारखे उलटे असतात. माझ्या पहिल्या जोडातले दोन्ही मोजे उजव्या पायाचे झाले होते. आमच्या आत्त्या त्यांतला एक घालून दिवसभर हसत होत्या. विणताना प्रत्येक वेळी कागदावरच्या पावलावर मोजा ठेवून बघत जा. सासूबाईंना साखरेचा त्रास असेल तर आत गाठ अजिबात नको, धागा जोडायचा तो गुंफून जोडा. तशा पायाला टोचलेलं कळत नाही आणि बारीक जखम चिघळते.

बाळाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण तिथे विणण्यापेक्षा काय विणू नये हेच जास्त सांगायचंय. जन्मलेल्या बाळाची छाती साधारण १३ इंच असते, सहा महिन्यांत १७ च्या आसपास जाते. बारशाला बसेल असा इवलासा सेट विणलात तर फोटो छान येईल आणि सव्वा महिन्यात तो लहान होईल. तयार घेर १९ इंच धरा, बाह्या थोड्या लांब, त्या दुमडता येतात. आणि झबल्यासारखा पुढून पूर्ण उघडा, डोक्यातून घालायचा नको. तान्ह्याची मान धरून बाह्यांत हात घालणं आजीला जमतं, नव्या आईला घाम फुटतो. सगळा सेट १५० ग्रॅममध्ये होतो.

जाळीची वीण नको, बोटं अडकतात. केसाळ लोकर नको, केस तोंडात जातात. गळ्याशी लांब नाडी नको. हातमोजे विणायचेच असतील तर आत सुटा धागा एकही राहता कामा नये. तो बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोट काळंनिळं पडतं आणि बाळ का रडतंय ते कुणालाच कळत नाही. मी हातमोजे विणतच नाही. टोपडं जरूर विणा, जन्मल्या जन्मल्या बरीचशी ऊब डोक्यातून जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी धरायला सांगतात तेव्हा टोपी-मोजे घालायला सांगतात ते त्यासाठीच. पण पुढे पूर्ण दिवसांचं, तब्येतीचं बाळ घरात झोपवताना टोपडं काढून ठेवा. मोठ्या माणसापेक्षा एक पदर जास्त, एवढा हिशेब पुरतो. खानापूरची थंडी म्हणजे काही लडाख नव्हे, आणि आपल्याकडे बाळाला कोंडायची हौस फार.

शेक-शेगडीही होणारच तुमच्याकडे. मी कितीही नको म्हटलं तरी खोलीत निखारे येणार. निदान खिडकी उघडी ठेवा, आणि बाळाच्या अंगावर ॲक्रिलिक असताना शेगडी जवळ नको. त्यासाठीच बाळाला मऊ सुती धाग्याचं किंवा मशीनमध्ये चालणाऱ्या बारीक मेरिनोचं विणा. मेरिनो महाग आहे, पण १५० ग्रॅमच तर लागते. आणि हे धुणार कोण? मालिशवाली, आजी, मावशी, जी हाताला येईल ती, दिवसातून दोनदा. म्हणजे धुण्याला टिकणारंच हवं.

बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकू नका, हे मी ओरडून सांगते. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक द्रव्य कमी असतं, त्यांना त्या वासानेसुद्धा कावीळ होऊ शकते, आणि आपलं बाळ तसं आहे की नाही हे आधी कळत नाही. मोठ्यांच्या लोकरीलाही मी गोळ्या घालत नाही. कसर खाते ती घामाची, मळकी लोकर आधी, म्हणून ठेवण्यापूर्वी धुऊन, पूर्ण वाळवून, सुती पिशवीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बंद करते. तुमच्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत बुरशीचं भय जास्त. पाऊस सरल्यावर आश्विनातल्या उन्हात एकदा सगळं बाजेवर पसरा, उलटं करून.

शिवण घालण्याआधी सगळे भाग ओलसर करून मापाला टाचणीने बसवून वाळू द्या, इस्त्री नको. आणि उरलेल्या लोकरीचे दोन-तीन हात बोटांवर गुंडाळून प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीला दोऱ्याने टाचून द्या, बाळाच्या कपड्याचे मात्र वेगळ्या पुडीत. वर्षा-दोन वर्षांनी कोपर विरेल, टाचेला भोक पडेल, तेव्हा तोच रंग, तोच लॉट बाजारात कुठून मिळणार?

गळपट्टी झाली की टाक्यांचा फोटो जवळून काढून पाठवा. बॉर्डरच्या रांगा वाकड्या दिसत असतील तर तुमचा उलट टाका सैल पडतोय. तीस वर्षांनी सुया धरणाऱ्या बहुतेकींचा पडतो, आणि दोन ओळींत सुधारतोही.